५०६० टीआय ८ जीबी की ९०६० एक्सटी १६ जीबी?

ग्राफिक्स कार्ड कुठलं घेऊ म्हणून विचारलंस, एनव्हिडियाची ५०६० टीआय की एएमडीची ९०६० एक्सटी. तुझा सेटअप म्हणजे रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १०८०पी १४४ हर्ट्झ मॉनिटर, ५५० वॅटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आणि आत्ता जीटीएक्स १६५० कार्ड. यात मी डोळे झाकून आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी घेईन. एनव्हिडिया वाईट म्हणून नाही हां, तू जी ५०६० टीआय बघतोयस ना, ती ८ जीबीवाली आहे म्हणून.

बॉक्सवर नाव एकच असतं, दुकानदार पण "५०६० टीआयच आहे की" म्हणून हातात देतो, पण ८ आणि १६ जीबी मेमरीची ही व्यवहारात दोन वेगळी कार्डं आहेत. गेमचं टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं) ८ जीबीत मावलं नाही की उरलेला डेटा सिस्टिम रॅममधून स्लॉटमार्गे ये-जा करतो, आणि तिथेच तुझं बी४५० आडवं येतं. तो बोर्ड पीसीआयई ३.० चा, म्हणजे कार्डाच्या स्लॉटची जुनी पिढी, ५०६० टीआयला डेटाच्या लेन फक्त ८, म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ जीबी, आणि कार्डाची स्वतःची मेमरी ४४८ जीबीने पळते! मग ॲव्हरेज एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) छान दिसतो पण मधेच झटके बसतात, टेक्श्चर चिखलासारखी दिसतात. ९०६० एक्सटीला पूर्ण १६ लेन आहेत, शिवाय १६ जीबी असल्यावर ही वेळ सहसा येतच नाही.

गंमत म्हणजे २०२५ मध्ये लाँच झाली तेव्हा ही ८ जीबीवाली ५०६० टीआय ३७९ डॉलर होती आणि ९०६० एक्सटी १६ जीबी ३४९. आपल्याकडे भाव रोज हलतात, मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि ऑनलाइन दोन्हीकडे विचार, पण पक्क्या जीएसटी बिलाशिवाय घेऊ नकोस, वॉरंटीला तेच लागतं.

आता एनव्हिडियाची बाजू. कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून एफपीएस वाढवणारं त्यांचं डीएलएसएस एएमडीच्या एफएसआरपेक्षा जास्त गेममध्ये मिळतं, सायबरपंकमध्ये पाथ ट्रेसिंग (खऱ्यासारखा प्रकाश दाखवणारं जड सेटिंग) लावायचं तर एनव्हिडियाच पुढे. फ्रेम जनरेशनच्या (मधल्या फ्रेम कार्डानेच तयार करायच्या) जाहिरातींवर मात्र जाऊ नकोस, मूळ एफपीएस ६० च्या आसपास नसेल तर माऊस जड वाटतो, वर ते स्वतः पण थोडी व्हीरॅम (कार्डाची मेमरी) खातं. व्हॅलोरंटला तर काहीच फरक नाही, तिथे प्रोसेसरच आधी दमतो.

ब्लेंडर (थ्रीडी सॉफ्टवेअर) तू "कधीतरी" वापरतो म्हणालास. कधीतरीच असेल तर एएमडीवर चालून जातं, रेंडर जरा हळू होईल एवढंच. पण त्यातून पैसे कमवायचे असतील तर एनव्हिडियाच्या ऑप्टिक्ससाठी (त्याने रेंडर वेगात होतं) ५०६० टीआयच घे, फक्त १६ जीबीवाली, आणि तिला एनव्हिडिया ६०० वॅटचा एसएमपीएस सांगते तो पण बजेटमध्ये धर. ९०६० एक्सटी १६० वॅटची आहे, तुझा एसएमपीएस चांगल्या कंपनीचा असेल तर पुरेल.

कार्ड बसवायच्या आधी डीडीयू या ड्रायव्हर काढायच्या टूलने एनव्हिडियाचे जुने ड्रायव्हर साफ कर, आणि बायोस अपडेट करून रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी एकदम वापरू देणारं सेटिंग) चालू कर. कॅबिनेट कुठलं आहे ते पण सांग, तीन फॅनवालं मॉडेल आत मावतंय का बघावं लागेल.