गोव्यातल्या वडिलोपार्जित घराचं गावच्या इतिहासाचं संग्रहालय करायचं, तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की फोंड्याजवळचं तुमचं जुनं घर बंद पडलंय, आतल्या वस्तू मांडून गावच्या इतिहासाचं छोटं संग्रहालय करता येईल का. येईल. पण काचेच्या कपाटांचं कोटेशन मागवण्याआधी भाऊबंदांच्या सह्या गोळा करा.

गोव्यात वारसाहक्क चालतो तो १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या वळणानेच. २०१२ चा नवा कायदा २०१६ पासून लागू झाला, तरी गाभा तोच राहिला. मुलगा-मुलगी सारखे वाटेकरी, आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. म्हणजे आत्याची सही पुरत नाही, आतोबांचीही लागते. ते वारले असतील तर त्यांच्या वारसांची. घर अजून पणजोबांच्या नावावर असेल तर आधी इन्व्हेंटरी (वारस आणि वाटे ठरवण्याची कोर्टातली प्रक्रिया) उरकून घ्या, नाहीतर उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कोणीतरी मुंबईचा चुलतभाऊ वकिलाची नोटीस पाठवतो.

सह्या जमेपर्यंत छप्पर बघा. कौलं परतून घ्या, वासे ठोकून बघा, पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायथ्याला मुरू देऊ नका, पावसाच्या बाजूला चुडतांची (माडाच्या झावळ्यांची) झापं बांधा. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मात्र मुळीच नको. आतली ओल अडकते आणि भिंत पोखरत जाते. चुन्याचा गिलावा करणारा गवंडी शोधायला वेळ लागेल, लागू दे.

आता वस्तू. मी आमच्या भागातल्या अशा घरांत नोंदी करायला जातो. वस्तू जागची हलवण्याआधी फोटो काढायचा, कुठल्या खोलीत, कुठल्या कोनाड्यात होती ते लिहायचं, मगच पुसायची. एका घरात कोठारात दोन लाकडी कुडव, म्हणजे धान्य मोजायची मापं, सापडले. दिसायला जुळे. घरातले म्हणाले, एक ठेवा, दुसरा काय करायचाय? शेजारच्या जुन्या मुंडकाराची (जमीनमालकाच्या जागेत घर करून राहणाऱ्याची) म्हातारी सून तिथेच उभी होती. ती म्हणाली, "बाबा, एक घेवपाचो, एक दिवपाचो." आम्ही दोन्हींत तांदूळ भरून पाहिले. खंड (कुळाने मालकाला द्यायचं धान्य) घ्यायच्या कुडवात चांगला मूठभर जास्त मावला. घरमालक क्षणभर गप्प झाले, पण दोन्ही कुडव शेजारी-शेजारी मांडायला त्यांनीच सांगितलं. मला तरी त्या घरातली ही सगळ्यात मोलाची वस्तू वाटते. मकावच्या चिनी बशा आणि कोरीव खुर्च्या अनेक घरांत मिळतील.

तुम्हाला 'गावचा' इतिहास मांडायचा असेल तर भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) बाजूने उघडणाऱ्या दारासोबत मागचं दारही उघडावं लागेल. स्वयंपाकघर, आदोळी (विळी), रगडा, नांगर, माटोळीची (गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या मांडवीची) लाकडं, आणि ती वापरणाऱ्यांची नावं. मुंडकारांना आणि कुळांना हक्क देणाऱ्या १९७५ च्या मुंडकार कायद्यामुळे आणि कुळकायद्यामुळे काही घरं खंडाच्या वह्या बाहेर काढायला कचरतात. तुमच्याकडे असतील तर वकिलाला दाखवा, पण फेकू नका.

कागदांबद्दल आणखी एक. मोडीतल्या वह्या, पोर्तुगीज दस्त, नाटकांची हँडबिलं, काहीही लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका. स्कॅन करा आणि मूळ कागद वाळवी नसलेल्या जागी, शक्य तर एखाद्या अभिलेखागारात द्या. पणजीच्या म्हामाय कामत व्यापारी घराण्याचे कागद पर्वरीच्या झेव्हियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये गेले, म्हणूनच अभ्यासकांना त्यांतून अठराव्या शतकातला फ्रेंचांचा गुलामांचा व्यापारसुद्धा उलगडता आला. घरच्या पेटीत राहिले असते तर ते वाळवीच्या वाट्याला जाण्याचाच संभव जास्त होता. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती किंवा चित्रं असतील तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली नोंदणी लागते का, तेही विचारून घ्या.

अंत्रुजातलं, म्हणजे फोंडा भागातलं घर म्हणून सुचवतो, एक भिंत स्थलांतराला द्या. पोर्तुगीज काळात देवही इथे हलवले गेले. मंगेश कुशस्थळीहून १५६० मध्ये आला, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्याला. तुमचं घराणं कुठून, कुणाच्या मागे आलं हे घरात कुणाला तरी माहीत असतंच. ते बोलते आहेत तोवर रेकॉर्ड करून घ्या. देवखोली मात्र प्रदर्शनात घेऊ नका, पूजा चालू राहू दे.

नमुना बघायचा तर चांदरचं मिनेझिस ब्रागांझा घर बघा, कुटुंब अजून तिथे राहतं. केप्याचा १७८७ चा डीनचा (चर्चच्या वरिष्ठ पाद्र्याचा) वाडाही बघा. त्याची पडझड एका जोडप्याने पदरमोड करून दुरुस्त केली. दोन्हीकडे विचारा की दर पावसाळ्यानंतर दुरुस्तीला किती पैसे जातात. तिकिटाच्या पैशांत ते सहसा निघत नाहीत, म्हणून सुरुवातीला फक्त जत्रेच्या आणि शाळांच्या सहलीच्या दिवसांत उघडा, आणि किल्ली गावातल्याच कुणाकडे तरी ठेवा.