पूल फिरतो हो, पण पुन्हा जुळायला हवा ना!

प्रश्न : माझा भाचा न्यू जर्सीत राहतो आणि रोज गाडीनं न्यूयॉर्कला कामाला जातो. वाटेत हॅकेनसॅक नदीवर ‘पोर्टल ब्रिज’ नावाचा जुना पूल आहे. बोट आली की तो रुळांसकट आडवा फिरतो म्हणे. एवढं लोखंड फिरवतात कसं? आणि माणसांनी भरलेल्या गाड्या थांबवून आधी बोटीला वाट का?

उत्तर : ताई, फिरवणं हे त्यातलं सर्वांत सोपं काम. नोकरीच्या सुरुवातीला मी लोको शेडमध्ये, म्हणजे रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात होतो. वाफेचं इंजिन टर्नटेबल या फिरत्या चौथऱ्यावर नेमकं मध्यावर उभं केलं, की दोन खलाशी (शेडमधले मदतनीस) दांड्याला खांदा लावून त्याचं तोंड फिरवायचे. जरा पुढं-मागं राहिलं, तर चौघांनाही हलायचं नाही. या पुलाचंही तेच. नदीत मधोमध दगडी खांब, आणि जात्याचा वरचा दगड खुंट्याभोवती फिरावा तसा त्यावर पूल फिरतो. दोन्ही हात सारख्या वजनाचे. काही उचलायचं नसतंच, नुसतं ढकलायचं.

खरी परीक्षा मिटताना. गाडी जायची तर पुलाची टोकं अधांतरी चालत नाहीत, त्यांच्याखाली पाचरी सरकवून त्यांना टेकू द्यावा लागतो. पूल उघडण्याआधी त्या पाचरी काढायच्या, सांध्यावरचे रूळ उचलायचे, विजेच्या तारेचाही मार्ग मोकळा करायचा. बोट गेली की हे सगळं उलट्या क्रमानं, आणि रूळ जागच्या जागी बसल्याशिवाय सिग्नल हिरवा होत नाही. पोर्टल ब्रिज 1910 सालचा. म्हातारपणी त्याचे रूळ नीट बसेनासे झाले, तेव्हा माणसं घण घेऊन धावली आणि ठोकून बसवले! न्यूयॉर्क-वॉशिंग्टन मार्गावरच्या गाड्या तोवर खोळंबून. हे ऐकून लोक हसतात. मला नाही हसू येत, घण मीही उचलला आहे.

आता बोटीचं. नदी आधीची, पूल नंतरचा. अमेरिकेत नदी ही सर्वांची वाट मानली जाते आणि पूल कधी उघडायचा याचे नियम तिथलं तटरक्षक दल ठरवतं. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत पूल उघडण्यावर बंधनं असतात, त्यामुळं भाच्याची तक्रार अगदीच दुर्लक्षित नाही. बोटीनं एक लांब, एक आखूड भोंगा द्यायचा. उघडणार असेल तर पुलावरून तसाच भोंगा येतो, नाहीतर पाच आखूड. शिवाय गाडीला ब्रेक असतो. ओहोटीच्या ओढीत सापडलेल्या, माल लादलेल्या बार्जला, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू होडीला, ब्रेक कुठला?

गाडी थांबली नाही तर काय होतं, तेही सांगतो. 6 मे 1853. कनेक्टिकटमधलं नॉर्वॉक. बोटीसाठी पूल उघडला होता. खांबावर लाल गोळा वर असेल तरच गाडीनं पुढं यायचं, अशी तिथली खूण. गोळा खाली होता, पण ड्रायव्हरनं पाहिलाच नाही. इंजिन थेट नदीत, मागोमाग डबे. चाळीसहून जास्त माणसं गेली, त्यांत न्यूयॉर्कच्या वैद्यकीय परिषदेहून परतणारे डॉक्टरही होते. मला त्या गोळ्याच्या योजनेचं कौतुक वाटतं : दोर तुटला तरी गोळा खालीच येणार, म्हणजे ‘थांबा’च. माणूस मात्र चुकला. त्यानंतर त्या राज्यात अशा पुलांआधी गाडी थांबवणं सक्तीचं झालं.

पोर्टलच्या बाजूलाच नवा पूल उभारायला 2022 मध्ये सुरुवात झाली. जुना पाण्यापासून जेमतेम 23 फूट उंच, नवा सुमारे 50 फूट. तो फिरणार नाही, बोटी खालून जातील. भाच्याला म्हणावं, जुना हाताशी आहे तोवर एकदा काठावरून उघडताना बघून घे. डब्यात बसून नुसता खोळंबाच कळतो.