नेटवर्कवरच्या उपकरणांची यादी आणि देखरेख, दोन्हीसाठी एकच सॉफ्टवेअर पुरेल का?

तुमच्याकडे कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेरे, स्विच मिळून दीडशेच्या आसपास उपकरणं आहेत, एक्सेलमधली यादी कधीच जुळत नाही, आणि यादी व देखरेख एकाच सॉफ्टवेअरमध्ये हवीय. एकात भागू शकतं. पण यादीला हात न लावता मी आधी देखरेख सुरू केली होती. महिनाभर ‘१९२.१६८.१.८७ बंद’ असे इशारे येत राहिले आणि हे ८७ म्हणजे नक्की काय, हे कुणालाच सांगता येईना. तेव्हा आधी यादी.

सुरुवातीला एनमॅप पुरे, म्हणजे नेटवर्कवर कोणकोणती उपकरणं आहेत ते स्कॅन करून शोधणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे आणि १९९७ पासून चालत आलंय. पण नुसत्या पिंगवर, म्हणजे ‘आहेस का?’ अशा साध्या हाकेवर, विसंबू नका. विंडोजची फायरवॉल बऱ्याचदा पिंगला उत्तरच देत नाही, मग चालू मशीन यादीतून गायब. त्याच सबनेटमध्ये (नेटवर्कच्या त्याच तुकड्यात) बसून एआरपीने, म्हणजे आयपी पत्त्यावरून मॅक अ‍ॅड्रेस विचारणाऱ्या पद्धतीने, विचारलंत तर सहसा कुणाला लपता येत नाही. जे मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डाचे ओळख क्रमांक) मिळतील त्यांच्या पहिल्या तीन जोड्यांवरून उत्पादक कळतो. फोनचं मात्र तसं नाही. हल्लीचे अँड्रॉइड आणि आयफोन वायफायवर बनावट मॅक वापरतात. मॅकचा दुसरा अंक किंवा अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बहुतेक तसलाच, त्याला कायमच्या यादीत घेऊ नका.

स्कॅन करताना प्रिंटर जपा. मी एकदा दुसऱ्याच एका स्कॅनिंग सॉफ्टवेअरला सरसकट सगळे पोर्ट (उपकरणावरची क्रमांकाची दारं) तपासायला लावले आणि सकाळी प्रिंटरपाशी अगम्य चिन्हांच्या कागदांचा ढीग! ९१०० पोर्टवर जे येईल ते प्रिंटर इमानेइतबारे छापत बसतो. एनमॅप पोर्टमागच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती ओळखताना हा पोर्ट मुळातच वगळतं, ते उगाच नाही.

स्कॅनमधून न कळणाऱ्या दोन गोष्टी म्हणजे उपकरण कुठल्या टेबलावर आहे आणि कुणाच्या नावावर आहे. त्यासाठी एकदा पायपीट करावीच लागते, इलाज नाही. कॉम्प्युटरमधली रॅम, डिस्क, इन्स्टॉल केलेली सॉफ्टवेअर हवी असतील तर प्रत्येकावर एजंट, म्हणजे ही माहिती गोळा करून पाठवणारा छोटा प्रोग्राम, टाका. जीएलपीआय हे उपकरणांची यादी ठेवणारं सॉफ्टवेअर त्यासाठी चांगलं आहे.

देखरेखीला मी झॅबिक्स किंवा लिब्रेएनएमएस म्हणेन, दोन्ही मुक्त स्रोत. नेटवर्कची साधनंच जास्त असतील तर लिब्रेएनएमएस लवकर हाताशी बसतं. सर्व्हरही बघायचे तर झॅबिक्स. ही दोन्ही सॉफ्टवेअर स्विचशी एसएनएमपीने, म्हणजे उपकरणांची स्थिती विचारायच्या ठरलेल्या भाषेत, बोलतात, यूडीपी पोर्ट १६१ वर. तिथला ‘पब्लिक’ हा कम्युनिटी शब्द, म्हणजे पासवर्डसारखा परवलीचा शब्द, पहिल्याच दिवशी बदला आणि जमेल तिथे एसएनएमपीची तिसरी आवृत्ती वापरा, कारण पहिल्या दोन्हींत तो शब्द तारेवरून उघडाच जातो.

आणखी एक खोच आहे. स्विचचा गिगाबिट पोर्ट (तार लावायची जागा) भरून वाहत असेल तर त्यातून गेलेला डेटा मोजणारा जुना ३२ बिटी काउंटर साधारण ३४ सेकंदांत फिरून शून्यावर येतो. पाच मिनिटांनी वाचलात तर आलेख सपशेल खोटा, म्हणून ६४ बिटीच घ्या.

इशारे मोजकेच ठेवा. कोणतं उपकरण कोणत्या स्विचमागे आहे हे अवलंबित्व भरलं नाही, तर एक स्विच पडला की त्यामागच्या चाळीस उपकरणांचे चाळीस मेसेज येतात आणि मूळ मेसेज त्यातच हरवतो. लोक वैतागून मेसेजच म्यूट करतात. मीही केलेत.

काही विकत घेण्याआधी तुमचे स्विच मॅनेज्ड, म्हणजे नेटवर्कवरून माहिती विचारता येणारे, आहेत का ते बघून सांगा. साधे असतील तर कोणतं पोर्ट भरलंय हे कुठलंच सॉफ्टवेअर त्यांच्याकडून काढून घेऊ शकणार नाही, आणि पैसे आधी तिथे घालावे लागतील.