ख्रिस्ती विश्वासातून घराभोवतीचं शांत जीवन जगायचं आहे, पण जमत नाही. सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की कामाचे तास कमी केले, घराकडे आणि प्रार्थनेकडे वळलात, तरी मन शांत नाही; दुपार मोबाइलवर जाते आणि रात्री अपराधी वाटतं. याचं कारण बहुधा सोपं आहे. बाहेरची कामं कमी झाली, पण दिवसाला जो आकार ती देत होती तो दुसऱ्या कशानं भरून निघाला नाही. ख्रिस्ती परंपरेत हा आकार ठरलेल्या वेळेच्या प्रार्थनेनं येतो, म्हणून पहिल्यांदा ती बसवा.

सकाळी पंधरा मिनिटं पुरतात. पवित्र शास्त्रातली (बायबलमधली) स्तोत्रं दीडशे आहेत, महिन्याचे दिवस तीस; आजची तारीख घ्या आणि तीस-तीस मिळवत जा. सात तारखेला ७, ३७, ६७, ९७ आणि १२७. पाचांतलं एक सावकाश, मोठ्यानं वाचा. बाकीची पुढच्या महिन्यांत येतीलच. २९ तारखेला ११९वं स्तोत्र येतं, ते १७६ वचनांचं आहे. ते त्या दिवशी सोडून द्या. त्याचे आठ-आठ वचनांचे २२ भाग आहेत, ते दुपारसाठी राखून ठेवा. वाचायला छापील पवित्र शास्त्रच घ्या. फोनवर वाचायला बसलं की वरून एक संदेश सरकतो आणि पंधरा मिनिटं संपतात. फोन रात्री झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावा आणि सकाळची प्रार्थना झाल्यावरच हातात घ्या.

दुपार हा खरा कठीण भाग आहे, आणि तो फक्त तुम्हालाच कठीण जातो असं नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस या संन्याशानं या अवस्थेचं वर्णन करून ठेवलंय. साधारण सकाळी दहा ते दुपारी दोन. सूर्य जागचा हलत नाही असं वाटतं, दिवस पन्नास तासांचा वाटतो, नजर सारखी खिडकीकडे जाते, हातातल्या कामाचा वीट येतो, आपली जागा चुकली आणि आपल्याला विचारणारं कुणी उरलं नाही असं मनात येतं. आज खिडकीच्या जागी फोन आहे, एवढाच फरक. त्या संन्याशांचा उपाय होता जागेवरच राहणं आणि हातानं काम करणं. ते टोपल्या आणि दोऱ्या विणत. तुम्हीही दिवसातलं सगळ्यात अंगमेहनतीचं काम याच वेळात घ्या: कपडे, झाडलोट, बागकाम, शिवण. वाचन, हिशेब किंवा ‘जरा पडतो’ या वेळात नको. बरोबर बारा वाजता उभं राहून ११९व्या स्तोत्राचा एक भाग आणि येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणा. तीनेक मिनिटं लागतात. पवित्र शास्त्रातला संदेष्टा दानीएलही दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे, तेव्हा ही जुनीच रीत आहे.

संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थना जेवणाआधी घ्या. जेवणानंतर मुलं पेंगतात, मोठी माणसं उठून जातात. एक गीत, दहा-पंधरा वचनं, मग प्रत्येकाची एका वाक्याची विनंती, शेवटी प्रभूची प्रार्थना: दहा मिनिटांत आटपा. ती मोडते ती लांबल्यामुळे, आणि घरातलं मोठं माणूस प्रार्थनेच्या नावाखाली कुणाला तरी सुनावू लागल्यामुळे. डोळे मिटून मुलाचा अभ्यास काढायचा नाही. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका, नेहमीसारखंच करा.

प्रभूच्या दिवसाची, म्हणजे रविवारची, विश्रांती शनिवारी ठरते. उपासनेचे कपडे, स्वयंपाकाची पूर्वतयारी, गाडीत पेट्रोल, दान बाजूला काढणं, हे शनिवारी संध्याकाळपर्यंत उरकलं नाही तर रविवार घाईतच जातो. इथे एक गोष्ट फार खटकते: सगळं घर आराम करतं आणि स्वयंपाकघरातली बाई त्या दिवशी दुप्पट राबते. निर्गम २०:१० मध्ये विश्रांती मुलामुलींना, दासदासींना, अगदी गुराढोरांनाही दिली आहे. म्हणून रविवारी एकच साधं जेवण, आणि भांडी सगळ्यांनी मिळून.

आता पैसा. १ थेस्सलनीकाकरांस ४:११-१२ मध्ये प्रेषित पौल शांतपणे राहायला सांगतो आणि लगेच स्वतःच्या हातांनी काम करायलाही सांगतो, म्हणजे कुणावर अवलंबून राहावं लागू नये. नोकरी पूर्ण सोडायची असेल तर आधी तीन महिने घर एकाच मिळकतीवर चालवून पाहा, दुसरी मिळकत हात न लावता बाजूला ठेवा. तिसऱ्या महिन्यात ओढाताण झाली तर अजून वेळ आलेली नाही. व्याजाचं कर्ज आधी फेडा. घरात राहायचं म्हणजे कमवायचं नाही, असंही नाही: नीतिसूत्रे ३१ मधली स्त्री शेत पारखून विकत घेते, वस्त्रं करून विकते. आणि हा निर्णय पतिपत्नी दोघांचा हवा. एकानं शास्त्रातली वचनं दाखवून दुसऱ्याला नोकरी सोडायला लावली, माहेर किंवा मित्र तोडायला लावले, तर त्या घरात शांती नांदणार नाही. अशा वेळी पाळकाशी (चर्चच्या धर्मगुरूशी) किंवा विश्वासातल्या माणसाशी उघडपणे बोला.

मंडळी, म्हणजे तुमचं चर्च, सोडू नका. शांत जीवनाच्या नावाखाली आधी आठवड्यातली प्रार्थनासभा सुटते, मग रविवार ऑनलाइन होतो, आणि काही महिन्यांनी आजारपणात फोन करायला कुणी नसतं. इब्री १०:२५ मध्ये एकत्र जमणं न सोडण्याबद्दल सांगितलंय ते उगीच नाही. पौलाचे सहकारी असलेलं अक्विला आणि प्रिस्का हे जोडपं; ते तंबू शिवून पोट भरत, आणि मंडळी त्यांच्याच घरी जमत असे. महिन्यातली एक संध्याकाळ ठरवा आणि मंडळीतल्या एखाद्या एकट्या माणसाला जेवायला बोलवा. बेत साधा ठेवा, म्हणजे पुढच्या महिन्यात पुन्हा बोलवण्याचा कंटाळा येणार नाही.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर प्रार्थना कमी पडली असं समजून स्वतःला दोष देऊ नका. डॉक्टरांना दाखवा आणि पाळकांनाही कळवा. हे सगळं एकदम सुरू करू नका. पहिला महिना फक्त सकाळ आणि दुपारचे बारा. ते अंगवळणी पडलं की संध्याकाळची प्रार्थना, आणि त्यानंतर शनिवारची तयारी.