जाड तारेवर आवाज फाटतोय? ट्यूब बदलू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्या बघा

घरी बांधलेला ट्यूबचा गिटार अँप जाड तारेवर फाटतो, या तुमच्या पोस्टमधली ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणाऱ्यांबद्दलची एकच ओळ मला पुरेशी झाली: ‘वाइंडिंगवाल्यांनी मीटर लावून दाखवलं, ट्रान्सफॉर्मर एकदम ओके आहे.’ हेच वाक्य, याच सुरात, मी ऐकलेलं आहे. बाकीची लक्षणंही ओळखीची. एक १२एएक्स७ प्रीअँप ट्यूब, एक ६व्ही६ आउटपुट ट्यूब आणि ५वाय३ रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारी ट्यूब), म्हणजे जुन्या फेंडर चॅम्पचं ५एफ१ सर्किट. व्होल्टेज जवळपास सर्किट डायग्रामप्रमाणे. बारीक तारा बऱ्या वाजतात, पण जाड ई छेडली की फटफट. आणि एकूण आवाज इतका किरकोळ, की पाच वॉट गेले कुठे ते कळत नाही. ट्यूब बदलल्या, कपॅसिटर बदलले, फरक शून्य.

होणारही नाही. माझा अंदाज असा, की तुमच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या (ट्यूबचा सिग्नल स्पीकरला जुळवून देणाऱ्या) पत्र्या उलटसुलट, एक या बाजूने एक त्या बाजूने, भरल्या आहेत आणि कोरमध्ये, म्हणजे पत्र्यांच्या लोखंडी गाभ्यात, गॅप (कागदाएवढी फट) ठेवलेलीच नाही. इथे बसून शंभर टक्के सांगता येत नाही, पण तपासायची पद्धत पुढे देतो. ती करेपर्यंत आणखी एकही पार्ट विकत घेऊ नका.

(सोल्डरिंग, ग्राउंडिंग, बोर्डची मांडणी यांत जात नाही, तुमचे फोटो बघता ते जमलेलं आहे. फक्त एक राहिलंय: पहिल्या फिल्टर कपॅसिटरला समांतर २२० किलोओहमचा, दोन वॉटचा ब्लीडर (साठलेला चार्ज रिकामा करणारा रेझिस्टर) लावा. स्विच बंद केल्यावरही तिथे तीनशेच्या वर व्होल्ट बसून राहू शकतात. हात घालण्याआधी दर वेळी मीटरने मोजायचं, दर वेळी म्हणजे दर वेळी. याबद्दल खात्री नसेल तर पुढचं काहीही करू नका, जाणकाराला शेजारी बसवा.)

आता मुद्द्याचं. तुमच्या अँपमध्ये आउटपुटला एकच ट्यूब आहे, म्हणजे तो सिंगल-एंडेड आहे. ती काहीही वाजत नसतानासुद्धा साधारण ४० मिलिअँपिअर डीसी ओढते आणि तो सगळा करंट आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीतून (ट्यूबकडच्या गुंडाळीतून) जातो. म्हणजे सिग्नल येण्याआधीच कोर एका बाजूला मॅग्नेटाइझ झालेला असतो. गॅप नसेल तर तो तिथेच जवळजवळ सॅच्युरेट होतो, म्हणजे आणखी मॅग्नेटाइझ होऊच शकत नाही. भांडं काठोकाठ भरलेलं असताना वर ओतलेलं बाहेरच सांडणार. एका दिशेचा सिग्नल कसाबसा निघतो, दुसऱ्या दिशेचा चिरडतो. खालच्या सुरांना कोरमध्ये जास्त फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) लागतो, म्हणून आधी जाड तार मरते.

गॅप ठेवली की कोरची परमिएबिलिटी (मॅग्नेटाइझ होण्याची सहजता) कमी होते, पण डीसी वाहत असतानाही इंडक्टन्स टिकून राहतो. खालचे सूर याच्यावर टिकतात आणि तो हेन्रीमध्ये मोजतात. सगळी मेख या ‘डीसी वाहत असताना’मध्ये आहे. इंडक्टन्स मोजणारं एलसीआर मीटर प्रायमरीतून डीसी सोडत नाही. त्यामुळे बिनगॅपचा, म्हणजे चुकीचा ट्रान्सफॉर्मर मीटरवर भरपूर हेन्री दाखवतो आणि गॅपवाला, म्हणजे बरोबर ट्रान्सफॉर्मर त्याच्यापुढे किरकोळ दिसतो. मीटर खोटं बोलत नाही, पण ज्या अवस्थेत ते मोजतंय त्या अवस्थेत तुमचा अँप कधीच नसतो.

माझ्या वेळी असंच झालं. ज्यांच्याकडून गुंडाळून घेतला त्यांचं नाव घेत नाही, पॉवर ट्रान्सफॉर्मर ते चांगले करायचे आणि आजही करत असतील. मी कागदावर लिहून दिलं होतं: ५ हजार ओहमवरून ८ ओहम, प्रायमरीत ४० मिलिअँपिअर डीसी, गॅप हवी. मिळाला तो एक या बाजूने एक त्या बाजूने अशा भरलेल्या पत्र्यांचा सुबक ट्रान्सफॉर्मर, वर वार्निशमध्ये बुडवून कडक केलेला. गॅप कुठे आहे विचारलं तर उत्तर आलं, ‘गॅप ठेवली तर लॉस वाढतो, आम्ही ठेवत नाही.’ आवाज फाटतोय सांगितलं तर ‘तुमची ट्यूब वीक असेल.’ नवी ट्यूब आणली. मग ‘तार बारीक पडली असेल, जाड घालून वेढे वाढवून देतो.’

वेढे वाढवून दिले आणि आवाज आणखी बिघडला. बिघडणारच! डीसी तोच, वेढे जास्त, म्हणजे अँपिअर-टर्न्स (करंट गुणिले वेढे) जास्त, म्हणजे कोर आणखी लवकर सॅच्युरेट. पण काउंटरवर मात्र मीटर लावून मला अभिमानाने दाखवण्यात आलं की बघा, पहिल्यापेक्षाही जास्त हेन्री. त्यावर काय बोलणार? दर फेरीला वार्निश, वाळवण, वाट बघणं, आणि शेवटी ‘साहेब, तुमचं सर्किटच चुकीचं आहे.’ पैशाचं सोडा, या प्रकारात गेलेला वेळ मला अजून सलतो, कारण तेवढ्या काळात मी सर्किटमधला जवळजवळ प्रत्येक पार्ट निष्कारण बदलला.

त्यांच्या बाजूने एक सांगायला हवं. त्यांचं रोजचं काम पॉवर ट्रान्सफॉर्मरचं, आणि तिथे पत्र्या उलटसुलट भरणंच बरोबर, कारण एसी दोन्ही दिशांना सारखाच असतो. पुश-पुल, म्हणजे आउटपुटला ट्यूबची जोडी असलेल्या अँपमध्येही गॅप सहसा लागत नाही. दोन ट्यूबचे डीसी करंट सेंटर टॅपपासून (प्रायमरीच्या मधल्या टोकापासून) उलट दिशांना वाहतात आणि एकमेकांना खोडतात. त्यामुळे पीए (सभा-समारंभाच्या लाउडस्पीकरच्या) अँपचे आउटपुट ट्रान्सफॉर्मर आयुष्यभर करणाऱ्या माणसालाही सिंगल-एंडेडची गॅप माहीत नसू शकते. न माहीत असण्याबद्दल माझी तक्रार नाही. कागदावर लिहून दिलेलं न वाचता गिऱ्हाइकालाच शहाणपण शिकवण्याबद्दल आहे.

मला उलगडा झाला तो एका भंगारातल्या व्हॉल्व्ह (म्हणजे ट्यूबच्या) रेडिओमुळे. त्याचा छोटा आउटपुट ट्रान्सफॉर्मर सोडवून बघितला: ‘ई’ आकाराच्या सगळ्या पत्र्या एका बाजूने, ‘आय’च्या सगळ्या दुसऱ्या बाजूने, मध्ये कागदाची पट्टी. तो एवढासा तुकडा माझ्या अँपला जोडला आणि जाड ई पहिल्यांदा तारेसारखी वाजली. (चालू असलेला रेडिओ यासाठी फोडू नका, प्लीज. भंगारातले पुष्कळ मिळतात.)

तर तपासणी. आधी डोळ्यांनी: ट्रान्सफॉर्मरची कड नीट बघा. वरपासून खालपर्यंत एका सरळ रेषेत सांधा दिसत असेल तर गॅप असण्याची शक्यता आहे. सांधे एकाआड एक डावी-उजवीकडे दिसले तर नाही. कव्हर असेल तर काढावं लागेल.

मग मोजून. स्पीकर काढा आणि त्या जागी ८ ओहमचा, दहा-वीस वॉटचा रेझिस्टर लावा. अँप रिकामा कधीही चालवू नका, लोड नसताना प्रायमरीवर उसळणाऱ्या व्होल्टेजने इन्सुलेशन फुटतं. स्पीकरकडून दुसऱ्या स्टेजच्या कॅथोडला जाणारा २२ किलोओहमचा फीडबॅक रेझिस्टर एका टोकाला तात्पुरता सोडवा. हे महत्त्वाचं आहे: फीडबॅक कमी आवाजात बेसची तूट भरून काढतो आणि दोष झाकतो. मग फोनवरच्या टोन जनरेटरने ४०० हर्ट्झचा सूर कमी लेव्हलवर द्या, लोडवर एसी एक व्होल्ट येईल इतकं व्हॉल्यूम ठेवा. काहीही न हलवता सूर ८० हर्ट्झवर आणा. जाड ई ८२ हर्ट्झच्या आसपास असते, म्हणून ८०. रीडिंग ०.७ व्होल्टच्या वर राहिलं तर ट्रान्सफॉर्मर कामाचा आहे आणि माझा अंदाज चुकला. ०.३-०.४ वर आपटलं तर गुन्हेगार सापडला.

कपलिंग कपॅसिटरवर (एका ट्यूबचा सिग्नल पुढच्या ट्यूबला देणाऱ्या) संशय घेऊ नका. ०.०२ मायक्रोफॅरड आणि पुढे २२० किलोओहम म्हणजे कटऑफ ३६ हर्ट्झच्या आसपास, तिथे बेस मरत नाही. ६व्ही६च्या कॅथोडवरचा २५ मायक्रोफॅरडचा मात्र एकदा बघा. तो सुकलेला असेल तर बेस खातो.

वेढ्यांचं गुणोत्तर तपासलंत का, असं कुणीतरी खाली विचारेलच. तपासा, पण त्यातून हा दोष सापडत नाही, कारण ते बरोबरच येतं. ५ हजारवरून ८ ओहम म्हणजे २५ला १. अँपपासून पूर्ण सोडवलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला ६.३ व्होल्ट एसी द्या, सेकंडरीला (स्पीकरकडच्या गुंडाळीला) पाव व्होल्ट मिळायला हवा. उलटं, म्हणजे सेकंडरीला ६.३ व्होल्ट देऊ नका. प्रायमरीवर दीडशेच्या वर व्होल्ट येतील आणि तुमचा हात तिथेच असेल.

इंडक्टन्सचं गणित ज्यांना हवं त्यांच्यासाठी: ५ हजार ओहमचा लोड आणि ६व्ही६चा स्वतःचा ५० हजारांच्या आसपासचा प्लेट रेझिस्टन्स समांतर धरले, तर ८२ हर्ट्झला तीन डेसिबलच पडण्यासाठी साधारण ९ हेन्री लागतात. ४० मिलिअँपिअर वाहत असताना ९ हेन्री. नुसतं ‘९ हेन्री’ लिहून दिलंत तर पुन्हा तेच मीटर तुमच्यासमोर धरलं जाईल.

दोष हाच निघाला तर पुन्हा गुंडाळायला देऊ नका, नुसत्या पत्र्या पुन्हा भरा. वार्निश केलेलं असेल तर पहिल्या दोन-चार वाकतीलच, त्यांचा शोक करू नका. पातळ सुरीने एकेक सोडवत काढा, बॉबिनला (तार गुंडाळलेल्या रिळाला) इजा होऊ देऊ नका. मग सगळ्या ‘ई’ एका बाजूने, सगळ्या ‘आय’ दुसऱ्या बाजूने, मध्ये साध्या लिहायच्या कागदाची पट्टी. असा कागद साधारण ०.१ मिलिमीटरचा असतो, आणि फ्लक्स मधल्या पायातून आणि बाहेरच्या पायांतून असा दोनदा गॅप ओलांडतो, म्हणून एकेरी कागदानेच सुरुवात करा. फ्रेम घट्ट आवळा, सैल राहिली तर ट्रान्सफॉर्मरच गायला लागेल. मग वरची ८० हर्ट्झची चाचणी पुन्हा. एकदा एक कागद, एकदा दोन, ज्यात रीडिंग जास्त ते ठेवा. वार्निश सगळ्यात शेवटी. नवीन करून घेणाऱ्यांनीही हेच सांगावं: वार्निश न करता द्या, मी वाजवून बघतो, मग करू. या अटीला जो तयार नाही त्याच्याकडे जाऊ नये, हे माझं मत आहे आणि त्यावर मी वाद घालणार नाही.

परत जोडल्यावर अँप किंचाळला तर घाबरू नका. प्रायमरीची दोन टोकं उलट लागली की निगेटिव्ह फीडबॅक पॉझिटिव्ह होतो. टोकांची अदलाबदल करा, संपलं.

गुणगुणीबद्दल तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण त्यासाठी पहिला फिल्टर कपॅसिटर १०० मायक्रोफॅरडचा केलात हे वाचून मी दचकलो. आधी तो काढा. जुन्या डेटाशीट ५वाय३ला पहिला कपॅसिटर साधारण २० मायक्रोफॅरडपर्यंतच देतात, चार्जिंगच्या झटक्यांनी बिचारा रेक्टिफायर मरेल. वाढवायचं असेल तर पुढच्या, रेझिस्टरनंतरच्या कपॅसिटरचं वाढवा. आणि आधी सूर ओळखा. मेन्सच्याच (घरच्या विजेच्याच) फ्रीक्वेन्सीची घूं असेल तर हीटरकडे (ट्यूब तापवणाऱ्या तारेकडे) बघा: हीटरच्या दोन्ही तारांवरून शंभर-शंभर ओहमचे रेझिस्टर काढून त्यांचा सांधा ग्राउंडऐवजी ६व्ही६च्या कॅथोडला जोडा, तिथले १९-२० व्होल्ट हीटरला मिळाले की घूं बरीच खाली येते. दुप्पट फ्रीक्वेन्सीची असेल तर ती सप्लायची. सिंगल-एंडेडमध्ये ती पुश-पुलसारखी आपोआप खोडली जात नाही, थोडी राहणारच. स्पीकरला कान लावून ऐकू नका, गिटार वाजवायला बसता तिथून ऐका.

ट्रान्सफॉर्मर काढतच आहात तर परत बसवण्याआधी एक करा. आउटपुट ट्रान्सफॉर्मर सर्किटला न जोडता त्याच्या सेकंडरीला हेडफोन लावा, अँपमधल्या सगळ्या ट्यूब काढून फक्त पॉवर ट्रान्सफॉर्मर चालू करा, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर चासीवर ठरलेल्या जागी ठेवून फिरवत ऐका. एका कोनात घूं जवळजवळ नाहीशी होते. तिथे खूण करा, मगच भोकं पाडा.

आणि तुम्ही घातलेले ते महागडे ‘व्हिंटेज टोन’वाले कपॅसिटर? विकून टाका. त्या पैशात जास्त सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे तेवढ्याच वॉटमध्ये जास्त मोठा वाजणारा स्पीकर घ्या. तीन डेसिबलचा फरक म्हणजे अँपचे वॉट दुप्पट केल्यासारखं, आणि ते कुठल्याही कपॅसिटरने होत नाही. यावर खाली चार जण चिडतील, चिडू देत.

८० आणि ४०० हर्ट्झची रीडिंग, ६व्ही६च्या कॅथोडवरचं डीसी व्होल्टेज आणि प्लेटवरचं डीसी व्होल्टेज इथेच टाका. कॅथोडला १९ व्होल्ट आणि रेझिस्टर ४७० ओहमचा असेल तर ४० मिलिअँपिअर ठीक आहे. २५ व्होल्ट वगैरे आलं तर मात्र ट्यूबची प्लेट लाल होतेय का ते आधी अंधारात बघा, पत्र्या नंतर.