आधी गैरहजेरी मांड

चि.,
अनेक आशीर्वाद.

परवा नाशिकच्या गंगेवरून, म्हणजे गोदाकाठावरून, परस्पर माझ्याकडे आलास, चहा निवेपर्यंत मोबाइल पुढे धरून बसलास आणि जाताना दारात म्हणालास, “मावशी, एवढे लोक एकच गोष्ट म्हणताहेत, मग तेच आमच्या भागाचं मत नाही का?” तेव्हा मी उत्तर दिले नाही, कारण ते उभ्या उभ्या देण्याजोगे नव्हते, आणि खरे सांगायचे तर मला तुझा थोडा रागही आला होता. तुझ्या संस्थेने तुला तुमच्या वसाहतीलगतचा आठवडे बाजार हलवावा की नाही, यावर रहिवाशांचे मत लिहून आणायला सांगितले आहे, आणि तू ते खुर्चीत बसून, वसाहतीच्या ग्रुपवरचे संदेश मोजून लिहू पाहतो आहेस. तूच सांगितलेस की त्या ग्रुपवर 600 च्या वर माणसे आहेत, बाजाराविषयी लिहिणारी 21 आहेत आणि त्यातही निम्मे संदेश चौघांचेच आहेत. एवढे मोजलेस, म्हणजे शंका तुझ्या मनात आलीच होती. मग शंकेचे उत्तर माझ्याकडून ‘हो, तेच मत’ असे वदवून घ्यायला कशाला आलास?

हजेरी सगळेच घेतात. तू आधी गैरहजेरी मांड. कोण बोलले, हे कागदावर आणण्यापूर्वी कोण बोलले नाही, याची यादी कर आणि ते का बोलले नसतील, हे प्रत्येक नावासमोर लिही. तुमच्या इमारतींत भाड्याने राहणारी कुटुंबे बहुधा त्या ग्रुपवर नाहीतच, कारण तो सदनिकाधारकांचा ग्रुप म्हणून सुरू झाला असणार. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीने जाणारा माणूस ग्रुपवर असला तरी दुपारी जेव्हा वाद रंगतो तेव्हा तो यंत्रावर उभा असतो, आणि रात्री घरी येऊन पाहतो तेव्हा वादाचा निकाल लागून गेलेला असतो. घरकामाला येणाऱ्या बायका तुमच्याच भागात दिवसातले सहा-सात तास काढतात आणि त्याच बाजारातून आठवड्याची भाजी घेऊन जातात. त्यांना रहिवासी म्हणायचे की नाही, हे तुझ्या संस्थेने ठरवलेलेच नाही. गिरणारे, दिंडोरीकडून पहाटे माल घेऊन येणारे शेतकरी तर तुमच्या हिशेबात माणसे म्हणून नाहीत, ‘अडथळा’ म्हणून आहेत.

हे मी तुला कोणत्या अधिकाराने सांगते आहे, ते सांगितले पाहिजे, कारण तो अधिकार चूक करून मिळवलेला आहे.

एका वृत्तपत्रात मी 19 वर्षे वाचकांच्या पत्रव्यवहाराचे सदर पाहिले. 1991 च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या साडेसहा लाखांच्या थोडी पुढे होती, आणि माझ्या टेबलावर आठवड्याला तीस-चाळीस पत्रे येत. त्यांतली निम्मी नेहमीच्याच हस्ताक्षरांतली असत. लिफाफा उघडण्याआधी मला पत्रलेखक कळत असे आणि बहुतेक वेळा विषयही. निवृत्त माणसांची पत्रे जास्त, शिक्षकांची त्याखालोखाल, वकिलांची मोजकी पण लांबलचक. बायकांची पत्रे फारच थोडी येत आणि कित्येकदा अक्षर बाईचे, सही मात्र नवऱ्याची, असा प्रकार असे. जुन्या नाशकातल्या भद्रकालीतून पत्र आल्याचे मला फार तर चार-पाच वेळा आठवते. तरीही आठवड्याच्या शेवटी मी त्या पत्रांवरून जे टिपण लिहीत असे, त्याचे शीर्षक ‘नाशिककर म्हणतात’ असे होते. एवढ्या वर्षांत एकदाही मला त्या शीर्षकातल्या ‘नाशिककर’ या शब्दापाशी थबकावेसे वाटले नाही.

जुन्या गावातल्या एका रस्त्यावर बसणाऱ्या भाजीवाल्यांना उठवावे, अशी मागणी तेव्हा होत होती. मी स्वतः त्याच रस्त्याच्या कडेला राहत होते, आणि पावसाळ्यात दारापुढचा सडलेला पाला ओलांडून कामावर जाणे मलाही नको झाले होते. एका आठवड्यात या विषयावर नऊ पत्रे आली. त्यांपैकी पाच टंकलिखित होती, पाचांवर पाच निरनिराळ्या सह्या होत्या, आणि पाचांतही ‘ण’ हे अक्षर ओळीच्या किंचित वर उडालेले होते. म्हणजे पाचही पत्रे एकाच टंकयंत्रावरून निघाली होती. हे मला पहिल्या दिवशीच दिसले होते. तरी मी नऊच्या नऊ पत्रे छापली आणि टिपणात लिहिले की ‘नागरिकांचा कौल स्पष्ट आहे’. पान भरायचे होते हे एक कारण, पण ते खरे कारण नव्हे. ते मत माझे होते, म्हणून मला ते शहराचे वाटले.

पुढे त्या भाजीवाल्यांना उठवले गेले. काही वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी मला एका कार्यालयात ती जुनी फाइल पाहायला मिळाली, आणि तिच्यात माझ्या टिपणाचे कात्रण ‘लोकमत’ असा शेरा मारून जोडलेले होते.

आता यावर मी स्वतःची समजूत कशी घालत आले, तेही ऐकून घे, कारण तीच समजूत तू उद्या घालशील. निर्णय तर आधीच झाला होता, कात्रण नुसते जोडण्यापुरते होते. भाजीवाल्यांनी पत्र पाठवले असते तर मी तेही छापले असते, त्यांना कोणी अडवले होते? सदर वाचकांचे होते आणि जे वाचत नाहीत त्यांचे मत मी कोठून आणणार होते? ही तिन्ही उत्तरे आजही मला अगदी खोटी वाटत नाहीत. मी वार्ताहर नव्हते, आलेल्या पत्रांची निवड करणे एवढेच माझे काम होते, आणि ते काम मी माझ्या आधीच्या दोघांपेक्षा पुष्कळ काळजीने केले, असे मी अजूनही म्हणेन. पण ‘नऊ पत्रे आली, त्यांतली पाच एकाच यंत्रावरची आहेत’ एवढे वाक्य लिहायला मला कोणी मनाई केली नव्हती. गैरहजेरी मांडायला पाच मिनिटेही लागली नसती.

तू म्हणशील की नऊ पत्रे कुठे आणि शेकडो संदेश कुठे. आकडा मोठा झाला की खोट भरून निघते. नाही भरून निघत. हा भ्रम मोडायला अमेरिकेतले 1936 सालचे उदाहरण पुरेसे आहे. ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे 1 कोटी लोकांना पत्रके पाठवली, त्यांतली 23 लाखांहून अधिक भरून परत आली, आणि त्यांच्या जोरावर साप्ताहिकाने रूझवेल्टविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार असे जाहीर केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यांत विजयी झाले. पत्ते टेलिफोनधारकांच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतले होते, म्हणून गरीब मतदार सुटला, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते आणि त्यात तथ्यही आहे. पण पुढे 1988 साली पेव्हरिल स्क्वायर या अभ्यासकाने जुनी आकडेवारी पुन्हा तपासून दाखवले की पत्रक मिळालेल्या सगळ्यांनी जर उत्तर दिले असते, तर निदान विजेता तरी बरोबर ओळखला गेला असता. यादी सदोष होतीच, परंतु घात केला तो पत्रक हातात पडूनही ते न भरणाऱ्यांनी. 23 लाखांची हजेरी मांडली गेली आणि 75 लाखांहून अधिकांची गैरहजेरी कोणी पाहिली नाही.

तुझ्या प्रश्नाच्या अधिक जवळचे काम बोस्टन विद्यापीठातल्या तीन राज्यशास्त्रज्ञांनी केले आहे. त्यांनी बोस्टनच्या आसपासच्या 97 गावा-शहरांत 2015 ते 2017 या काळात घरबांधणीच्या प्रस्तावांवर झालेल्या जाहीर सुनावण्यांची इतिवृत्ते काढली आणि बोलणाऱ्यांची नावे मतदारयाद्यांशी ताडून पाहिली. बोलणारे हे शेजाऱ्यांपेक्षा वयाने मोठे, अधिक प्रमाणात पुरुष, स्वतःच्या घरात राहणारे आणि त्या गावात दीर्घकाळ राहिलेले असे निघाले. त्यांच्यात प्रस्तावाला विरोध करणारे जवळजवळ 63 टक्के होते आणि पाठिंबा देणारे 15 टक्केही नव्हते. सुनावणी सर्वांना खुली होती, आणि तरीही असे झाले. तुमचा ग्रुपही सर्वांना खुला आहे, असे तू मला दोनदा सांगितलेस, म्हणून हे लिहिले.

परदेशातले नको असेल तर आपल्याच गावातले घे. 2 मार्च 1930 रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो नेटाने चालवला, आणि पाच वर्षांनंतरही दार उघडले नाही तेव्हा 13 ऑक्टोबर 1935 ला ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ ही येवल्याची घोषणा झाली. त्या वर्षांत ‘गावाची इच्छा’ या नावाने जे कोणी बोलत असतील, ते दाराच्या आतले होते. पंचवटीत जाशील तेव्हा पूर्वेच्या दरवाजासमोर क्षणभर उभा राहा आणि दाराबाहेरच्यांना त्या ‘गावा’त धरले होते का, हे स्वतःला विचार. गैरहजर माणूस अनेकदा आलेला नसतो, त्याला येऊ दिलेले नसते. तुझ्या यादीत हा रकाना वेगळा ठेव.

इथे तुला एक धोक्याची सूचना दिली पाहिजे, कारण तू उत्साही आहेस आणि उत्साही माणूस एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात जातो. ‘गप्प बसलेले सगळे बाजाराच्या बाजूचे आहेत’ असे लिहून आणलेस, तर मी तो कागद फाडून टाकीन. माझी ती फाइल पाहून झाल्यावर मी नव्या जागी बसणाऱ्या भाजीवाल्यांना जाऊन भेटले, माफी मागायला म्हण किंवा मन हलके करायला म्हण. सगळे माझ्यावर संतापतील अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात काहींना नवी जागा आवडली होती, कारण तिथे नळ जवळ होता. काहींचे गिऱ्हाईक तुटले होते. आणि एका बाईंना या सगळ्या प्रकरणात कोणी वर्तमानपत्रात लिहिले होते, याचाच पत्ता नव्हता. न बोलणाऱ्यांचेही एक मत नसते, आणि ते आपल्याला सोयीचे तर मुळीच नसते. गावोगावच्या ‘उभी बाटली, आडवी बाटली’ मतदानात हा प्रश्न नियमानेच सोडवून टाकला आहे: दारूचे दुकान बंद करायला एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. त्यामुळे झालेल्या मतदानात आडवी बाटली पुढे असूनही निम्म्याची अट हुकली, तर दुकान चालूच राहते, आणि शेतावरून येऊ न शकलेली बाई दुकानाच्या बाजूने मोजली जाते. गैरहजेरीला आपल्या मनाचा अर्थ चिकटवला की असे होते. ती मांडायची असते, वापरायची नसते.

ग्रुपवरच्या त्या 21 जणांना तू खोटे ठरवू नकोस, हेही ओघाने आले. ज्याच्या फाटकापुढे टेम्पो उभा राहतो, ज्याच्या आजारी वडिलांना नेताना गाडी अडकली, त्याने नाही बोलायचे तर कोणी बोलायचे? 2025 मध्ये आपल्या तपोवनातली झाडे तोडू नयेत म्हणून सुरुवातीला जे उभे राहिले तेही मूठभरच होते. बोलणारे थोडे आहेत म्हणून त्यांचे म्हणणे चुकीचे ठरत नाही. फक्त ते म्हणणे ‘भागाचे’ ठरत नाही, आणि तुझा सगळा घोळ या दोहोंची सरमिसळ केल्यामुळे झाला आहे.

आता कामाचे. येत्या बाजाराच्या दिवशी पहाटे माल उतरतो तेव्हा जा, दुपारी जा आणि दिवे लागल्यावर जा. तिन्ही वेळांना माणसे वेगळी असतात. घरोघरी जाशील तेव्हा इमारतीतले दर नववे दार ठोठाव, आणि ते बंद असले तर शेजारचे उघडे दार सोयीचे म्हणून घेऊ नकोस, परत जा, तीनदा जा; कारण बंद दारामागचा माणूस हाच तुझ्या यादीतला गैरहजर माणूस आहे. ‘बाजार हवा की नको’ असे विचारू नकोस. मागच्या आठवड्यात भाजी कुठून घेतली, किती रुपयांची घेतली, बाजाराच्या दिवशी घरातून निघताना काय त्रास झाला, असे विचार. मत विचारले की माणूस ग्रुपवरचे वाक्य पाठ म्हणून दाखवतो. तुझ्या संस्थेतल्या वरिष्ठांना हे सगळे लांबण वाटले, तर त्यांना 2014 चा पथविक्रेत्यांचा कायदा दाखव. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले विक्रेतेच असले पाहिजेत आणि त्यांत एक तृतीयांश महिला असल्या पाहिजेत, असे तो सांगतो. संसदेने ज्यांना खुर्ची दिली, त्यांना तुझ्या अहवालात निदान एक परिच्छेद मिळायला हरकत नसावी.

आणि अहवालात ‘रहिवाशांचे मत’ असे शीर्षक देऊ नकोस. किती जण बोलले, किती जणांना विचारले, किती भेटले नाहीत, एवढे पहिल्याच पानावर येऊ दे. अहवाल त्याने अशक्त दिसेल, वरिष्ठ नाक मुरडतील आणि ‘ठाम निष्कर्ष नाही’ असा शेरा येईल. येऊ दे. माझे टिपण फार ठाम होते.

रविवारी सकाळी ये, पण यादी घेऊनच ये. नुसता मोबाइल घेऊन आलास तर चहा मिळणार नाही. नोकरी सोडताना मी टेबलाच्या खणातून ती पाच मूळ पत्रे घरी आणली होती, ती अजून माझ्या कपाटात आहेत. तुला दाखवीन. ‘ण’ कुठे उडाला आहे, ते मी सांगणार नाही, तुझे तू शोध.

तुझी,
मावशी