ब्रायन मेने पीएचडी सोडली हे खरं, पण कधी?

वाईहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगा पुण्यात इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, शाखा इलेक्ट्रॉनिक्स. दोन विषयांची केटी आहे. कॉलेजातल्या चौघांचा बँड आहे, त्यात हा गिटार वाजवतो. गणपतीत घरी आला तेव्हा म्हणाला, "कॉलेज सोडतो, आता पूर्णवेळ संगीत." वर दाखला दिला की 'क्वीन'च्या ब्रायन मेनेसुद्धा पीएचडी अर्धवट सोडली होती. शब्दाने शब्द वाढला आणि वडिलांनी गिटार माळ्यावर टाकली. तेव्हापासून बापलेकांत बोलणं नाही, निरोप आईमार्फत जातात. पत्राच्या शेवटी ते विचारतात, "हे क्वीन कोण? मुलगा म्हणतो ते खरं आहे का? आणि मी काय करू?"

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. रागाच्या भरातही मुलगा ज्याचं नाव घेतो तो माणूस कोण, हे तुम्हाला विचारावंसं वाटलं, याचा मला फार आनंद झाला. त्याचंच उत्तर आधी देतो, आणि सविस्तर देतो. मुलाशी बोलायचं तर त्याचं दैवत तुम्हालाही माहीत हवं.

क्वीन हा लंडनचा रॉक बँड, १९७० साली उभा राहिला. त्याच्या मुख्य गायकाशी तर तुमचं घाटापुरतं नातं आहे. वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीला गेलात की सेंट पीटर्स ही शाळा लागते. झांझिबारमधल्या बुलसारा या पारशी कुटुंबाने आपल्या फारुखला आठव्या वर्षी तिथल्या बोर्डिंगात ठेवलं. बारा वर्षांचा असताना त्याने शाळेतल्या मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला, त्यात तो पियानो वाजवायचा. १९६४ मध्ये झांझिबारात क्रांती झाली आणि हे कुटुंब इंग्लंडला गेलं. तिथे फारुखने ईलिंगच्या कला महाविद्यालयातून ग्राफिक डिझाइनचा डिप्लोमा घेतला. हाच पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. बँडचं बोधचिन्हही त्यानेच काढलं. कलाशाळेत शिकलेलं तिथे कामाला आलं.

आता ब्रायन मे. मुलगा खरं बोलतो, त्याने पीएचडी सोडली होती. फक्त साल त्याने सांगितलेलं नाही. ब्रायनने लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातून १९६८ मध्ये भौतिकशास्त्राची पदवी घेतली. सूर्यमालेतल्या धुळीवरचं संशोधन सुरू केलं ते १९७० मध्ये, म्हणजे बँड निघाला त्याच वर्षी. पुढची चार वर्षं त्याने दोन्ही केलं, वर एका शाळेत गणितही शिकवलं. संशोधन बाजूला ठेवलं ते १९७४ मध्ये. तोवर बँडचे दोन अल्बम बाजारात आले होते, एक गाणं ब्रिटनच्या पहिल्या दहांत पोचलं होतं आणि अमेरिकेचा दौरा दारात उभा होता. आणि ते संशोधनही त्याने कायमचं टाकलं नाही. २००६ मध्ये जुनी टिपणं काढून बसला आणि २००७ मध्ये, साठीला पोचल्यावर, त्याच कॉलेजातून डॉक्टर झाला.

तुमचा मुलगा आज जिथे उभा आहे, तिथे ब्रायन अजून पदवीचा अभ्यास करत होता. कालक्रमाचा हा एवढाच फरक त्याला शांतपणे दाखवा.

बाकीच्या दोघांचंही सांगतो. ड्रमवाला रॉजर टेलर दंतवैद्यक शिकायला लंडनला आला होता. ते त्याला मानवलं नाही, त्याने सोडलं, पण नंतर जीवशास्त्राची पदवी घेतली. चौथा जॉन डीकन, बास गिटारवाला. मुलाने खरं तर याचं नाव घ्यायला हवं होतं, कारण त्याचीही शाखा इलेक्ट्रॉनिक्स! चेल्सी कॉलेजातून प्रथम वर्गात पास झाला ते १९७१ साली, आणि त्याच वर्षी बँडमध्ये आला. एकदा कचऱ्याच्या पेटीत त्याला एक सर्किट बोर्ड सापडला. त्याने तो घरी आणला, पुस्तकांच्या फळीवर मावेल एवढ्या एका स्पीकरच्या खोक्यात बसवला आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटासा अ‍ॅम्प्लिफायर केला. ब्रायनची गिटार त्यातून वाजवली की सनई-तुतारीसारखे सूर निघत. क्वीनच्या कितीतरी ध्वनिमुद्रणांत तो अ‍ॅम्प आहे. तुमच्या मुलाला ज्या विषयात केटी लागली आहे, त्याच विषयातून हा आवाज जन्माला आला. हे त्याला नक्की सांगा. मला वाटतं, माझ्या कुठल्याही उपदेशापेक्षा हे त्याच्या मनात जास्त टिकेल.

पदवी झाली म्हणून त्यांचं लगेच चाललं असंही नाही, आणि ही बाजू मुलगा तुम्हाला सांगणार नाही. सुरुवातीला स्टुडिओचं भाडं परवडत नव्हतं. वेम्बलीत एक नवा स्टुडिओ उभा राहत होता. तिथली यंत्रं तपासून घ्यायला कुणीतरी वाजवणारे हवे होते. हे चौघं गेले आणि त्या बदल्यात फुकटात नमुन्याची ध्वनिमुद्रणं करून घेतली. पुढे ट्रायडंट कंपनीशी करार झाला, तरी तिचा स्टुडिओ मिळायचा तो इतरांचं काम संपल्यावर, रात्री-बेरात्री. पहिला अल्बम १९७२ मध्ये तयार झाला आणि बाजारात यायला जुलै १९७३ उजाडलं.

करारावर मी जरा थांबणार आहे, कारण माझ्याकडे येणारी संगीतवेडी मुलं नेमकी इथेच आंधळी असतात. क्वीनने ध्वनिमुद्रण, गीतांचे हक्क आणि व्यवस्थापन, तिन्ही एकाच कंपनीच्या हाती दिलं. त्यामुळे कलाकाराच्या बाजूने कंपनीशी भांडायचं ते व्यवस्थापकाने, आणि व्यवस्थापक कंपनीचाच! १९७४ च्या अखेरीला त्यांचं 'किलर क्वीन' हे गाणं ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर होतं. तेव्हा या चौघांना मिळत होते आठवड्याला साठ पौंड. डीकनचं लग्न ठरलं होतं. घरासाठी त्याने चार हजार पौंड आगाऊ मागितले, ते नाकारले गेले. शेवटी जिम बीच नावाचा वकील गाठून १९७५ मध्ये सुटका करून घेतली. त्यासाठी एक लाख पौंड मोजले आणि पुढच्या सहा अल्बमच्या उत्पन्नातला एक टक्काही दिला. त्यानंतर केलेल्या अल्बममध्ये 'बोहेमियन ऱ्हाप्सडी' आलं. पाच मिनिटं पंचावन्न सेकंदांचं हे गाणं एवढं लांब म्हणून रेडिओवर लागणार नाही असं सगळे सांगत होते. ते नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

त्या गाण्याच्या तबकडीच्या मागच्या बाजूला रॉजर टेलरचं, मोटारीवर प्रेम करणाऱ्या माणसाचं एक गाणं होतं. तबकडी विकली गेली की दोन्ही बाजूंच्या गीतकारांना सारखेच पैसे. म्हणजे मर्क्युरीच्या गाण्यासाठी लोक रांगा लावत होते आणि टेलरलाही तेवढंच मिळत होतं. यावरून बँडमध्ये बरेच खटके उडाले. १९८९ च्या अल्बमपासून त्यांनी प्रत्येक गाणं चौघांच्या नावे लावायला सुरुवात केली, तेव्हा हा विषय मिटला. तुमच्या मुलाच्या बँडने गाणं कुणाच्या नावावर लावायचं ते आजच कागदावर लिहून ठेवावं. मैत्री चांगली आहे तोवरच हे लिहून होतं. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा गीतकार आणि संगीतकाराच्या बाजूने उभा आहे. चित्रपटातल्या किंवा ध्वनिमुद्रणातल्या गाण्याच्या रॉयल्टीतला त्यांचा वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही. मुंबईची आयपीआरएस ही संस्था ती रॉयल्टी गोळा करून सभासदांना वाटते. एकही गाणं प्रसिद्ध करण्याआधी मुलाने हे सगळं समजून घ्यावं.

आणखी एका माणसाचं नाव घेतो, टिम स्टाफेल. क्वीनच्या आधी ब्रायन आणि रॉजरचा 'स्माइल' नावाचा बँड होता, त्यात हा गायचा. यश दिसेना म्हणून १९७० मध्ये बाहेर पडला. पुढे तो छोट्या प्रतिकृती बनवणारा कारागीर झाला, मुलांच्या टीव्ही मालिकेतल्या बोलक्या आगगाड्या घडवणाऱ्यांत तो होता. बहुतेकांच्या वाट्याला स्टाफेलसारखं आयुष्य येतं, आणि त्यात वाईट काहीही नाही. हातात दुसरं एखादं कौशल्य मात्र लागतं.

आता तुमच्याविषयी. ब्रायनच्या वडिलांचं नाव हॅरॉल्ड. सरकारी विमान खात्यात ड्राफ्ट्समन, मध्यमवर्गीय माणूस. १९६३ मध्ये सोळा वर्षांच्या ब्रायनला चांगली गिटार हवी होती आणि घरात पैसे नव्हते. तेव्हा बापलेकांनी मिळून ती घरीच घडवायला घेतली. जुन्या शेकोटीवरच्या लाकडी फळीतून दांडा कोरला. सुरांच्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली मोत्याच्या शिंपल्याची बटणं घासून बसवली. जुन्या मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा वापरल्या. दोन वर्षं लागली. ती गिटार ब्रायन आजही वाजवतो.

आणि ज्याने आपल्या हाताने ती गिटार घडवली, त्याच बापाला मुलाने पीएचडी सोडलेली सहन झाली नाही. बराच काळ दोघांत धड बोलणं नव्हतं. १९७७ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये क्वीनचे कार्यक्रम होते. ब्रायनने आईवडिलांना कॉनकॉर्ड विमानाने तिथे नेलं. त्या विमानाच्या उपकरणांवर हॅरॉल्डने काम केलं होतं, पण त्याचं तिकीट काढणं त्यांच्या ऐपतीबाहेरचं होतं. कार्यक्रम संपल्यावर ते मुलाला म्हणाले, आता समजलं मला. ही आठवण ब्रायनने स्वतः सांगितली आहे. मधली वर्षं मात्र गेली ती गेलीच, म्हणून तुम्हाला एवढं लांबवून लिहितो आहे.

तुम्ही काय करावं ते सांगतो. 'पदवी का बँड' हा प्रश्न घरातून काढून टाका. दीड वर्ष उरलं आहे. त्यात केटी सुटाव्यात आणि पदवी हाती यावी, हा त्याचा शब्द. बँडवरून एकही टोमणा मारायचा नाही, हा तुमचा शब्द. पदवीनंतर दोन वर्षं त्याला पूर्ण मोकळी द्या, राहण्या-खाण्याचा खर्च मात्र त्याने अर्धा तरी स्वतः उचलावा, शिकवण्या घेऊन, ध्वनीची कामं करून. वर्षाच्या शेवटी दोघांनी बसून तीन गोष्टी पाहाव्यात: स्वतःची किती गाणी झाली, पैसे देऊन किती ठिकाणी बोलावलं, आणि त्यातल्या किती जणांनी पुन्हा बोलावलं. मला तिसरी सगळ्यात महत्त्वाची वाटते. पुण्यातच एफटीआयआय या चित्रपट-शिक्षणाच्या संस्थेत ध्वनिमुद्रण आणि ध्वनिसंयोजनाचा अभ्यासक्रम आहे. त्याला पदवी लागते आणि बारावीला भौतिकशास्त्र लागतं, म्हणजे तुमच्या मुलाला ती वाटही पदवीनंतर खुली आहे.

पण हे सगळं नंतर. या रविवारी गिटार माळ्यावरून खाली काढा. वाईच्या पावसाळी हवेत तारांना गंज चढला असेल, तर नवा संच घ्या. कुठला घ्यायचा ते तुम्हाला कळणार नाही, आणि ते बरंच आहे. मुलाला फोन करा आणि त्यालाच विचारा.